गॅलरीचा ३ वर्षांचा करार घ्यावा, की सोलो (एकटीचं) प्रदर्शन स्वतःच भरवावं? (बडोदा)

रेषा_बडोदे

नमस्कार मंडळी. माझं काम मुख्यतः कॅनव्हासवर अ‍ॅक्रिलिक, थोडं तैलरंगात, शिवाय कागदावरची रेखाटनं. ग्रुप शो झालेत, सोलो अजून नाही. मुंबईच्या एका गॅलरीने करार पाठवलाय. मुख्य कलमं अशी:

मुदत ३ वर्षं. भारतभर एकमेव विक्रेते तेच. प्रत्येक विक्रीवर ५० टक्के कमिशन, मग ती स्टुडिओतून झालेली असो. फ्रेम आणि मुंबईपर्यंतची वाहतूक माझ्याकडे. "गॅलरी योग्य ती सवलत देऊ शकेल." आणि शेवटी, "चित्रांच्या पुनर्मुद्रणाचे सर्व हक्क गॅलरीकडे राहतील."

दुसरा विचार असा की सही करायचीच नाही. बडोद्यातच एखादा हॉल घेऊन सोलो करायचं, पुढे मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीला अर्ज टाकायचा. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्याचा वरचा मजला स्टुडिओ म्हणून हाताशी आहे, तिथेही लोकांना बोलावता येईल. सुमारे ३० कॅनव्हास तयार आहेत, सगळ्यात मोठा ४ बाय ५ फूट.

करारात काय बदलून घ्यावं, आणि स्वतः करायचं तर किंमत, टांगणी, वाहतूक यांत लोक कुठे फसतात, ते नेमकं सांगाल का?

---

कलमदान

रेषाताई, आहे त्या रूपात सही करू नका. पण करार फाडूही नका. गॅलरीने पाठवलेला पहिला मसुदा हा बोलणीला सुरुवात म्हणून असतो, आणि नव्या चित्रकारांपैकी फार थोडे उलट मसुदा पाठवतात. तुम्ही पाठवा.

आधी सगळ्यात घातक कलम, शेवटचं. चित्र विकलं म्हणून त्याचा कॉपीराइट विकला जात नाही, ही आपल्याकडे १९५७ च्या कायद्याची सरळ भूमिका आहे. हक्क जातो तो फक्त लेखी आणि सही केलेल्या हस्तांतरणाने. तो कागद म्हणजेच हा करार. कायद्यात असंही आहे की हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणजे ३ वर्षांचा करार संपल्यावरही पुनर्मुद्रणाचा हक्क त्यांच्याकडे राहू शकतो. त्याऐवजी लिहा: "प्रदर्शनाचा कॅटलॉग, निमंत्रण आणि प्रसिद्धी एवढ्यापुरती, करारकाळात, छायाचित्रं वापरण्याची परवानगी. कॉपीराइट चित्रकाराकडे." त्यांना खरोखर लागतं तेवढं यात मिळतं.

जाता जाता: कुणी पैसे देऊन पोर्ट्रेट करून घेतलं तर उलट करार नसल्यास कॉपीराइटचा पहिला मालक तो गिऱ्हाईक ठरतो. असं काम घेताना दोन ओळींचं पत्र आधी करून ठेवावं.

आता "एकमेव विक्रेते". याला तीन बाजूंनी कुंपण घालता येतं: प्रदेश, मुदत, कामाचा प्रकार. प्रदेश फक्त मुंबई ठेवा, फार तर दिल्ली. मुदत १ वर्ष, त्यात एक सोलो दाखवण्याची तारीख लिहिलेली, आणि सोलो झालं नाही तर करार आपोआप संपेल. प्रकार म्हणजे फक्त कॅनव्हास. रेखाटनं आणि छापचित्रं मोकळी राहू द्या, महिन्याचा खर्च बहुतेकदा त्यांच्यावरच निघतो. गुजरातमधली स्टुडिओविक्री पूर्ण तुमची. त्यांनी पाठवलेलं गिऱ्हाईक स्टुडिओत आलं तर १५-२० टक्के द्यायला हरकत नाही, ते न्याय्य आहे.

३३ ते ५० टक्के कमिशन हे बाजारात चालतं, त्यावर भांडण्यात फारसा अर्थ नाही. पैसा गळतो तो दुसरीकडून. ६०,००० चं चित्र घ्या. गॅलरीने १० टक्के सवलत दिली, म्हणजे ६,०००. ती दोघांत वाटली तर तुम्हाला ५४,००० चे निम्मे, २७,०००. ती फक्त तुमच्या वाट्यातून कापली तर ३०,००० वजा ६,०००, म्हणजे २४,०००. "योग्य ती सवलत" या शब्दांत दोन्ही बसतं. लिहून घ्या: १० टक्क्यांपर्यंत सवलत दोघांत समान, त्यापुढची गॅलरीच्या वाट्यातून.

फ्रेमचंही तेच. फ्रेमला ४,००० लागले, ते तुम्ही भरले आणि ६०,००० चे सरळ निम्मे झाले, तर हातात खरे २६,००० उरतात. फ्रेमचे ४,००० आधी बाजूला काढून उरलेल्या ५६,००० चे निम्मे केले तर २८,०००. दहा चित्रांवर हा फरक २०,००० चा होतो.

बाकीची कलमं पटकन सांगतो. गिऱ्हाइकाचे पैसे आल्यापासून ३० दिवसांत तुमचा वाटा. पूर्ण पैसे येईपर्यंत चित्राची मालकी तुमची. न विकलेली कामं मुदत संपल्यावर १५ दिवसांत, त्यांच्या खर्चाने परत. ताब्यात असताना चित्र खराब झालं तर तुमच्या वाट्याएवढी भरपाई. आणि एक कलम जे सहसा कुणी मागत नाही, पण मी सगळ्यात वर ठेवेन: घेणाऱ्याचं नाव आणि पत्ता तुम्हाला कळवला पाहिजे. काम कुणाकडे आहे हे माहीत नसेल तर पंधरा वर्षांनी सिंहावलोकनाचं प्रदर्शन कसं भरवणार? पुनर्विक्रीत १०,००० रुपयांहून जास्त किमतीला गेलेल्या मूळ चित्रात चित्रकाराला वाटा मागण्याचा हक्क कायद्यात आहे (कलम ५३अ, कमाल १० टक्के). तो वापरायचा तरी माग लागतो. नाव द्यायला साफ नकार देणाऱ्या गॅलरीशी लांबचा करार करू नये, हे माझं ठाम मत.

---

खुंटी_आणि_दोरी

कलमदान यांनी कागदाची बाजू चोख सांगितली. मी भिंतीची सांगतो.

हॉल बघायला जाल तेव्हा चौरस फूट विचारू नका, भिंतीचे चालते फूट मोजा. समजा चारी बाजू मिळून ७० फूट. दारं, स्विचबोर्ड, पुस्तिकेचं टेबल यांत १५ गेले. उरले ५५. सरासरी ३ फूट रुंद चित्र आणि मध्ये २ फूट मोकळी भिंत धरली तर ११ चित्रं. तिथे ३० कॅनव्हास टांगले की सेलचं दुकान दिसतं, आणि बघणारा पाचव्या चित्रानंतर नुसता चालत सुटतो. ११-१२ निवडा, ४-५ आतल्या खोलीत उभी करून ठेवा, विचारणाऱ्याला दाखवा.

टांगताना चित्राचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर, सगळ्यांचा एकच. लोक वरची कड जुळवतात आणि मग लहानमोठी चित्रं वरखाली पळतात. खिळ्याची उंची काढायला: ५८ अधिक चित्राच्या उंचीचा निम्मा, वजा तार ताणल्यावर तिचं टोक वरच्या कडेपासून जितकं खाली येतं तेवढं. ३६ इंची चित्र, तार ४ इंच खाली: ५८ + १८ − ४ = ७२ इंचांवर खिळा. मागच्या डी-रिंगा (तार अडकवायच्या कड्या) वरून साधारण एक तृतीयांशावर लावा, फार खाली लावल्या तर चित्र पुढे झुकतं. २ फुटांहून रुंद चित्राला एका खिळ्याऐवजी ८-१० इंच अंतराने दोन, म्हणजे धक्क्याने तिरकं होत नाही. रेल असलेल्या हॉलमध्ये नायलॉनची दोरी देतात. ती वजनाने रात्रीतून ताणते आणि सकाळी मोठी चित्रं अर्धा इंच खाली आलेली असतात. पातळ स्टीलची केबल स्वतःची न्या.

दिवे ३,००० ते ३,५०० केल्व्हिनचे (उबदार उजेडाचे), सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर, भिंतीशी ३० अंशांच्या कोनात. कोन कमी झाला की तैलरंगाच्या जाड फटकाऱ्यांच्या सावल्या पडतात, वाढला तर वार्निशवर चकाकी मारते. ताज्या तैलरंगावर प्रदर्शनासाठी घाईने वार्निश नको, थर पातळ असेल तरी ६ महिने, जाड असेल तर वर्ष जाऊ द्या. तोवर न चढवताच टांगलेलं बरं.

कॅनव्हासचं बोलायचं तर आपल्याकडे मे महिन्यात ताठ असलेला कापड पावसाळ्यात सैल पडतो. स्ट्रेचरच्या (कॅनव्हासमागच्या लाकडी चौकटीच्या) कोपऱ्यात पाचरी असतील तर प्रत्येकीला हलकी टिचकी, एक-दोन मिलिमीटर, चारही कोपरे सारखे. एकाच कोपऱ्यात ठोकलं तर चौकट काटकोनातून जाते आणि फ्रेममध्ये बसत नाही. फ्रेमवाले पुष्कळदा खिळे मारून पक्क्या केलेल्या चौकटी देतात, त्यात पाचरीची सोयच नसते. ४ बाय ५ ला तर पाचरीवाली चौकट आणि मध्ये आडवी पट्टी हवीच.

मुंबईला पाठवताना सगळ्यात जास्त नुकसान बबल रॅप करतं. बुडबुडे चित्राकडे असले की बंद टेम्पोच्या उन्हात अ‍ॅक्रिलिक मऊ होतं आणि गोल गोल ठसे कायमचे उमटतात. पुसून, तापवून, काहीही करून ते जात नाहीत. बुडबुडे बाहेर, आत ग्लासिन (गुळगुळीत, न चिकटणारा) कागद. त्याहून चांगलं म्हणजे कडेने दीड इंच उंच लाकडी पट्ट्यांची तात्पुरती चौकट ठोकायची आणि प्लास्टिक त्या चौकटीवर ताणायचं, रंगाला काहीच लागत नाही. चित्रं टेम्पोत कायम उभी, तोंडाला तोंड आणि पाठीला पाठ, मध्ये पुठ्ठा. आडवी रचली की वरच्याचा स्ट्रेचर खालच्याच्या कॅनव्हासवर फुगवटा पाडतो.

गुंडाळून न्यायची वेळ आली तर रंगाची बाजू बाहेर, ६ इंची पीव्हीसी पाइपवर. रंग आत ठेवला तर थर दाबला जाऊन कपचे उडतात. बाहेर असला तर जरासा ताणतो आणि उलगडल्यावर परत बसतो. जाड थराचं काम गुंडाळूच नका.

सोबत डिलिव्हरी चलन ठेवा: चित्रांची यादी, मापं, किंमत आणि "प्रदर्शनासाठी, परत आणावयाची". एकूण किंमत ५०,००० च्या वर असेल तर ई-वे बिलाचं (मालवाहतुकीसाठी लागणाऱ्या ऑनलाइन बिलाचं) आधी सीएला विचारा, वाटेत नाही.

---

रेषा_बडोदे

दोघांचेही आभार, हे सगळं उतरवून घेतलं. उलट मसुदा पाठवते. किमतीचं मात्र अजून अडतंय. चौरस इंचाच्या दराने लावली तर लहान चित्रं कवडीमोल होतात आणि मोठ्याची किंमत ऐकून माणूस परत जातो. आणि जीएसटी?

---

मोजमाप

चौरस इंचाचा हा दोष खराच आहे. २० रुपये दर धरून बघा: १२ बाय १२ चे २,८८०, २४ बाय ३० चे १४,४००, ४८ बाय ६० चे ५७,६००. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्यात वीसपट अंतर. श्रमात आणि विचारात तेवढं अंतर नसतं. त्याऐवजी लांबी अधिक रुंदी गुणिले दर करा. दर २५० धरला तर: १२ अधिक १२ चे ६,०००, २४ अधिक ३० चे १३,५००, ४८ अधिक ६० चे २७,०००. लहान चित्राला किंमत येते. पण मोठं इथे जास्तच स्वस्त पडतं, त्यात कॅनव्हास, चौकट, रंग आणि टेम्पो यांचा खर्च मोठा. म्हणून ८० इंच बेरजेच्या वर दर ३५० करा, मग ४ बाय ५ चे ३७,८०० होतात. दर तुमचे तुम्ही ठरवा, आकडे उदाहरणासाठी आहेत. कागदावरच्या कामाला कॅनव्हासच्या दराच्या साधारण निम्मा दर ठेवतात.

मुख्य नियम एकच आणि तो मोडला की परत सांधत नाही: चित्राची किंमत सगळीकडे सारखी. गॅलरीत ४०,००० आणि स्टुडिओत "तुमच्यासाठी २०,०००" हे बडोद्यासारख्या गावात चार दिवसांत सगळ्यांना कळतं. ज्याने ४०,००० दिले तो पुन्हा येत नाही आणि गॅलरीही तुटते. तुम्ही वाचवलेलं कमिशन हे गिऱ्हाइकाला सूट द्यायला नसतं, तो तुमच्या हॉलचा, छपाईचा, दिव्यांचा पैसा आहे. किमती वाढवायच्या त्या वर्षातून एकदा, १० टक्क्यांच्या आसपास. वाढवणं सोपं असतं, उतरवणं जवळजवळ अशक्य, म्हणून सुरुवात थोडी खालून केलेली चालते.

जीएसटी: हाताने काढलेल्या चित्रांवरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला. गुजरातमधल्या गुजरातमध्ये माल विकत असाल तर ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. परराज्यात विक्री सुरू झाली की नियम बदलतो, आणि हस्तकला म्हणून मिळणारी सूट तुमच्या कामाला लागू होते का हा प्रश्न सीएला नेमक्या याच शब्दांत विचारा. बरेच सीए चित्रकारांची कामं करत नाहीत, "एचएसएन कोड (जीएसटीतला मालाचा क्रमांक) ९७०१ खालची चित्रं" म्हटलं की त्यांना लगेच सापडतं.

नोंदवही आजपासून. प्रत्येक कामाला क्रमांक, कॅनव्हासच्या मागे तोच क्रमांक, वहीत छायाचित्र, माप, माध्यम, साल, किंमत, कुठे दाखवलं, कुणी घेतलं. विकताना पावतीबरोबर एक पानी प्रमाणपत्र: लहान फोटो, तपशील, सही आणि "कॉपीराइट चित्रकाराकडे" ही ओळ. हप्ते मागितले तर तीन, चित्र शेवटच्या हप्त्यानंतर.

---

सयाजीबाग

वरचं सगळं मान्य, पण एका गोष्टीवर मी वेगळं बोलेन. सोलो, हॉल, करार यांच्या आधीचा प्रश्न हा की घरभाडं चित्रविक्रीवर आहे का. असेल तर कुठलाही करार शेवटी तुम्हाला झुकवेल, कलमं कितीही सुधारून घ्या. दिवाळीनंतर विकली गेलेली निळी चित्रं पुढच्या वर्षीही निळीच मागितली जातात, आणि भाडं थकलेलं असताना नाही म्हणणं फार कठीण.

याची उदाहरणं आपल्या गावातच आहेत. भूपेन खख्खर सनदी लेखापाल होते, १९६२ मध्ये बडोद्याला आले, आणि चित्रकार म्हणून नाव झाल्यावरही अनेक वर्षं अर्धवेळ हिशेबाचं काम करत राहिले. कुणाला काय आवडेल याची फिकीर न करता त्यांनी जे रंगवलं, त्याला त्या पगाराचा आधार होता. सुधीर पटवर्धन ठाण्यात रेडिओलॉजिस्ट होते आणि २००५ पर्यंत ती प्रॅक्टिस चालू होती. तोवर त्यांची महत्त्वाची कामं होऊन गेली होती. १९८१ च्या 'प्लेस फॉर पीपल' प्रदर्शनात हे दोघेही होते.

दुसरा मार्ग एकत्र येण्याचा. इंदूरहून निघालेल्या चित्रकार ना. श्री. बेंद्रे सरांच्या भोवती १९५६ मध्ये बडोदा ग्रुप ऑफ आर्टिस्ट्स उभा राहिला, तेव्हा गॅलऱ्यांचं आजच्यासारखं जाळं नव्हतं, चित्रकारांनी स्वतःच प्रदर्शनं भरवली. १९८७ मध्ये रॅडिकल पेंटर्स या गटाने बडोद्याच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीतच 'क्वेश्चन्स अँड डायलॉग' हे प्रदर्शन भरवलं, तेही बाजाराला उघड विरोध करत. तो गट फार टिकला नाही. विरोधाचा जाहीरनामा होता, पण सभासदांच्या पोटापाण्याची व्यवस्था गटाने करावी अशी रचना त्यात दिसत नाही, हे माझं वाचन. आजच्यासाठी यातून घ्यायचं ते एवढं: चार जणांनी मिळून हॉल घेतला तर भाडं, दिवे, छपाई, पहारा चार ठिकाणी वाटला जातो. फक्त पैशाचा हिशेब आणि कुठली भिंत कुणाची हे आधी कागदावर. गट बहुतेक वेळा दाराजवळच्या भिंतीवरून मोडतात.

नियमित उत्पन्नासाठी छापचित्रं बघा. 'छाप' ही छापचित्रांची कार्यशाळा बडोद्यातच आहे. २५ प्रतींची आवृत्ती, १/२५ पासून क्रमांक आणि पेन्सिलीने सही, वर दोन-तीन चित्रकाराच्या प्रती, आणि आवृत्ती संपली की प्लेटवर रेघ मारून ती बाद. शंभर प्रती काढायचा मोह होतो, पण मग घेणाऱ्याला ते पोस्टर वाटू लागतं.

---

कलमदान

सयाजीबाग, पगाराचं पटलं, पण नोकरीचे आठ तास प्रत्येकाच्या चित्राला मानवतीलच असं नाही. अर्धवेळ असेल तरच.

एक राहिलं होतं. "क्युरेटर" म्हणून फोन करून प्रत्येक चित्रामागे सहभाग शुल्क मागणारे ग्रुप शो. कसोटी सोपी आहे: हॉलचं भाडं भरलंत आणि विक्री पूर्ण तुमची, तर तो सरळ व्यवहार. भाडं नाही पण कमिशन आहे, तोही सरळ. शुल्कही घेतात आणि कमिशनही, तर विक्री करण्याची त्यांना गरजच उरत नाही, त्यांचे पैसे आधीच आलेले असतात. तिथे जाऊ नका.

जहांगीरचा अर्ज आत्ताच टाका. तारीख मिळायला वर्षं लागतात, म्हणून "काम तयार झाल्यावर अर्ज" हा क्रम उलटा पडतो. तिथला आठवडा मंगळवार ते सोमवार असतो, म्हणजे टांगणीला वेळ अगदी थोडा, त्यासाठी दोन माणसं बडोद्याहून बरोबर न्या. दरम्यान बॉम्बे आर्ट सोसायटीचं वार्षिक आणि ललित कला अकादमीचं राष्ट्रीय प्रदर्शन, दोन्हीकडे पाठवत राहा.

---

खुंटी_आणि_दोरी

वाड्यातल्या ओपन स्टुडिओबद्दल. डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायणाच्या (संक्रांतीच्या) आठवडाभर आधीपर्यंत ठेवा, परदेशातली मंडळी तेव्हाच गावी असतात. नवरात्रीच्या नऊ रात्री कुणीही येणार नाही. या काळातले दोन शनिवार-रविवार पुरेत, सकाळी ११ ते संध्याकाळी ७. किमतींची छापील यादी भिंतीवर लावा, विचारायला संकोचणारे न विचारताच निघून जातात. दाराशी वही: नाव, फोन, आणि कुठल्या क्रमांकाच्या चित्राशी थांबले ते तुम्ही स्वतः नंतर लिहायचं. पुढच्या वर्षी त्या माणसाला सरसकट निमंत्रण पाठवण्यापेक्षा त्याच मालिकेतल्या नव्या कामाचा एक फोटो पाठवा.

आणि वाड्याचा वरचा मजला आहे हे फार चांगलं, साठवण तिथेच ठेवा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी कुठवर चढलं ते सगळ्यांनी पाहिलंय, तळमजल्यावर एकही कॅनव्हास नको. जुन्या भिंती ओल धरतात, म्हणून रॅक बाहेरच्या भिंतीपासून ४ इंच सुटा, खाली दोन लाकडी पट्ट्या. पावसाळ्यात चित्रं प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून ठेवू नका, आतल्या दमटपणाने पाठीमागून बुरशी धरते. जुनी सुती चादर धुऊन वाळवून टाका, वारा खेळतो आणि धूळही बसत नाही. ४ बाय ५ चा कॅनव्हास वाड्याच्या जिन्यातून उतरतो का, ते मात्र गिऱ्हाईक ठरायच्या आधी मोजून घ्या. वळणावर कोपरा अडत असेल तर खिडकीतून दोरीने उतरवायची तयारी ठेवावी लागेल.